निर्वासित छावणीतले संशोधन आणि आपली विद्यापीठे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोकरी करता करता पीएच.डी. करणाऱ्यांविषयी, त्यातही परदेशात राहून इकडच्या विद्यापीठांत नाव नोंदवणाऱ्यांविषयी, आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतेच आलेले पत्र मी लक्षपूर्वक वाचले. असे विद्यार्थी ना धड नोकरी करतात ना धड अभ्यास, मार्गदर्शकांना क्वचित तोंड दाखवतात आणि कार्यालयात आयती गोळा झालेली माहिती प्रबंध म्हणून बांधून देतात, असा त्या पत्राचा सूर होता. पीएच.डी.चे मोल घसरले आहे ही त्या वाचकांची खंत मलाही मान्य आहे. परंतु ज्या माहितीला त्यांनी आयती म्हटले आहे, ती वापरावी की नाही हाच माझ्यासारख्यांच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न असतो आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची सोलापूरची. स्थापत्य अभियांत्रिकी शिकून काही वर्षे जिल्ह्यातल्या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामांवर होते. सध्या केनियाच्या वायव्य भागात, तुर्काना काउंटीतल्या काकुमा येथील निर्वासित छावणीत, पाणी आणि स्वच्छतेचे काम करणाऱ्या एका मदतसंस्थेत मी नोकरी करते आणि त्याच विषयावर अर्धवेळ पीएच.डी. करते. रजेवर घरी आले आहे ते प्रबंधाची राहिलेली प्रकरणे पुरी करण्यासाठी.

काकुमाची छावणी १९९२ मध्ये, सुदानच्या यादवीतून जीव वाचवून पायी चालत आलेल्या हजारो एकट्या मुलांच्या आगमनानंतर उभी राहिली. पुढे दक्षिण सुदान, सोमालिया, इथिओपिया, काँगो, बुरुंडी अशा अनेक देशांतली माणसे तिथे येत गेली आणि आज शेजारची कालोबेयेई वसाहत धरून तिथे सुमारे तीन लाख लोक राहतात. तात्पुरती म्हणून बांधलेल्या वस्तीत आता दुसरी-तिसरी पिढी जन्माला येते आहे. सोलापूरच्या माणसाला तो मुलूख फारसा परका वाटू नये. तसाच रखरखाट, तशीच शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारे. वाळवंट पसरू नये म्हणून काही दशकांपूर्वी लावलेली आणि आता कोणालाच न आवरणारी वेडी बाभूळ तिथेही आहे. ताराच नदी वर्षातला बहुतेक काळ कोरडी वाळू असते आणि वरच्या बाजूला पाऊस झाला की एका रात्रीत छावणीत शिरते. या नदीच्या काठच्या विंधन विहिरींतून पाणी उपसून, ते उंचावरच्या टाक्यांत चढवून, ठरलेल्या वेळी सार्वजनिक नळांना सोडायचे, हे आमचे मुख्य काम.

दिवस उजाडण्याआधी सुरू होतो, कारण नळ सकाळी काही तासच चालतात आणि पिवळ्या जेरीकॅनच्या रांगा त्याच्याही आधी लागलेल्या असतात. मदतकार्यात जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या 'स्फिअर' मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावे, एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसे नसावीत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहावे लागू नये. रोजचा सगळा आटापिटा या तीन आकड्यांच्या जवळ जाण्यासाठी असतो. पंप बंद पडला, सौर पॅनेलवर धूळ साचली, जलवाहिनी कुठे फुटली, की आकडे हातचे जातात. नळावर आम्ही शिल्लक क्लोरीन, म्हणजे जंतू मारून झाल्यावरही पाण्यात उरलेले क्लोरीन, तपासतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ओ.टी. टेस्ट करतो आणि नळीतले पाणी पिवळे होते. तिथे डीपीडीची गोळी वापरतात आणि पाणी गुलाबी होते. गोळी न शिवता पाकिटातूनच चिरडून नळीत टाकायची, नळी हलवायची, उजेडाकडे धरून शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायची. नळाशी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावे असा दंडक आहे. मात्र हेच पाणी घरी नेऊन भांड्यात ठेवल्यावर संध्याकाळी पुन्हा तपासले, तर पुष्कळदा नळीतले पाणी जराही गुलाबी होत नाही.

माझ्या प्रबंधाचा विषय हाच आहे. नळाशी निर्जंतुक असलेले पाणी घरात माणसाच्या ओठांपर्यंत पोहोचेस्तोवर कसे असुरक्षित होते आणि साठवणुकीच्या कोणत्या सवयींमुळे ते तसे होते, याचा मी अभ्यास करते. उष्ण हवेत क्लोरीन लवकर उडून जाते, आतून मळलेल्या जेरीकॅनमध्ये त्याहून लवकर, आणि रुंद तोंडाच्या भांड्यात हात बुडवून पाणी घेतले की उरलेसुरले संरक्षणही संपते. ज्या शहरात उजनीचे पाणी काही दिवसांआड येते आणि घरोघर ते पिंपांत, हौदांत, टाक्यांत भरून ठेवले जाते, तिथे हा विषय परदेशी आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे असेच सांगितले आहे. पण पाणी आल्याच्या चौथ्या दिवशी पिंपात ते किती उरते, हे घराघरात जाऊन कोण पाहते? इथे एवढे प्रश्न असताना तिकडे कशाला गेलीस, असे मला अनेकांनी विचारले आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी बाजूला ठेवून ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, रुग्णांवर शस्त्रक्रिया करता करता विद्यार्थ्यांना शिकवत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्या जोडीला स्वतःला बसवण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही. मात्र त्यांचे स्मारक अभिमानाने जपणाऱ्या शहरात हा प्रश्न विचारला जातो, याचे मला वाईट वाटते.

दुपारनंतरचा वेळ बैठका, देणगीदारांचे अहवाल आणि सुट्या भागांच्या मागण्या यांत जातो. अंधार पडण्यापूर्वी आवारात परत यायचे असा सुरक्षेचा नियम आहे. रात्रीच्या जेवणानंतर जो वेळ उरतो तो प्रबंधाचा. इंटरनेट बेभरवशाचे असल्याने 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध आणि इतर लेख रजेत उतरवून न्यावे लागतात. आठवडेच्या आठवडे एक ओळ लिहून होत नाही असेही घडते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत एकाएकी थांबवली तेव्हाचा काळ तसा होता. अनेक संस्थांत नोकरकपात झाली, छावणीतले रेशन कापले गेले, लोक रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत पाण्याविषयी काहीही विचारले तरी माणसे पिठाविषयी बोलत. तेव्हा मुलाखती थांबवणेच योग्य होते आणि मी त्या थांबवल्या, जरी प्रबंधाची मुदत त्यासाठी थांबत नव्हती.

आता मूळ मुद्दा. संस्थेची कामाची नोंद, म्हणजे कोणत्या नळावर किती वाजता किती क्लोरीन होते, कोणत्या भागात अतिसाराचे रुग्ण वाढले, कोणत्या घरात किती माणसे आहेत, ही सगळी माहिती माझ्या लॅपटॉपमध्ये असते. ती लोकांनी आम्हाला पाणी मिळावे म्हणून दिलेली आहे. मला पदवी मिळावी म्हणून दिलेली नाही. संस्थेची लेखी परवानगी घेऊन, नावे आणि घरक्रमांक काढून टाकून तिचा काही भाग वापरता येतो, पण त्यावर अख्खा प्रबंध उभा करणे मला गैर वाटते. म्हणून साठवणुकीविषयीची माहिती मी स्वतंत्र मुलाखतींतून घेतली. त्यासाठी केनियाच्या राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम आयोगाचा संशोधन परवाना लागतो, छावणीत संशोधन करण्यासाठी तिथल्या निर्वासित विभागाची परवानगी वेगळी लागते, आणि ते रास्तच आहे.

परवाने हातात असले तरी खरी अडचण दारातच सुरू होते. एका दक्षिण सुदानी बाईंच्या घरी मी अंगावरचे संस्थेचे जाकीट काढून, नोंदवही वेगळी घेऊन, दुभाष्यामार्फत आधी स्पष्ट सांगितले होते की हा माझा खासगी अभ्यास आहे, उत्तर दिले नाही तरी चालेल आणि दिल्याने काही मिळणार नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, झाकण असलेले भांडे उचलून दाखवले. मी उठले तेव्हा त्यांनी उशाखालची पिशवी काढली, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेले रेशनकार्ड माझ्यापुढे धरले आणि आमच्या बाजूच्या नळाला पाणी कधी वाढवणार, असे विचारले. जाकीट काढल्याने मी त्यांच्या लेखी दुसरी कोणी झाले नव्हते. ज्या बाईच्या हातात नळाची चावी आहे तिला 'आम्ही भांडे रोज घासतो' असेच कोणीही सांगेल, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. त्यानंतर मी अभ्यासाची रचना बदलली. आमची संस्था ज्या भागाला पाणी देत नाही तिथली घरे निवडली, मुलाखतींसाठी आमच्या कामाशी संबंध नसलेल्या, निर्वासितांपैकीच प्रशिक्षित तरुणींची मदत घेतली, आणि शब्दांतल्या उत्तरांपेक्षा भांड्यातल्या पाण्याच्या चाचणीवर अधिक भर दिला. यात बराच वेळ गेला. ज्यांना हे विद्यार्थी वेळकाढूपणा करतात असे वाटते, त्यांनी हा वेळ कशात जातो ते समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

तीच गोष्ट संमतीपत्राची. आपल्याकडे संशोधनात माणसांचा सहभाग असेल तर प्रत्येकाच्या सहीचा कागद जोडावा अशी अपेक्षा असते. निर्वासिताच्या आयुष्यात मात्र सही आणि अंगठा नोंदणीसाठी, रेशनसाठी, चौकशीसाठी लागत आलेला असतो. त्याच्यापुढे छापील कागद आणि शाई ठेवली की ती संमती राहत नाही, सक्ती होते. शिवाय जीव वाचवून पळालेल्या माणसाचे नाव लिहिलेला कागद एखाद्या कपाटात पडून राहणे त्याच्यासाठी धोक्याचेही असू शकते. साक्षीदारासमोर तोंडी संमती घ्यावी आणि ती सांकेतिक क्रमांकाने नोंदवावी, ही पद्धत अशा ठिकाणी अधिक योग्य आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत हे तपासायला नीतिशास्त्र समिती असते. सामाजिक शास्त्रे, समाजकार्य, अभियांत्रिकी, पर्यावरण या शाखांत मात्र माणसांच्या घरात शिरून केलेल्या संशोधनाकडेही निव्वळ सर्वेक्षण म्हणून पाहिले जाते, असा माझा आणि माझ्या परिचयातल्या अनेक संशोधकांचा अनुभव आहे. प्रश्नावलीतली वाक्ये दुरुस्त होतात, पण ती कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने विचारायची याची चर्चा होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी नोकरदारांना, मालकसंस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन, अर्धवेळ पीएच.डी. करण्याची मुभा दिली आहे. प्रवेशापासून साधारण सहा वर्षांची मुदत आहे आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते. या अटींविरुद्ध माझी तक्रार नाही. प्रगती मांडावी लागते म्हणूनच काम पुढे सरकते. मात्र नियम पाळला जातो आहे की नाही हे पाहताना केवळ ना हरकत प्रमाणपत्राची प्रत फाइलीत लावून थांबू नये. त्या प्रमाणपत्राबरोबर मालकसंस्थेशी माहितीच्या वापराविषयी लेखी करार असावा. संस्थेची कोणती नोंद प्रबंधात येईल, कोणती येणार नाही आणि निष्कर्ष संस्थेला अडचणीचे निघाले तरी संशोधकाला ते प्रसिद्ध करता येतील की नाही, हे त्यात सुरुवातीलाच ठरावे. ही शेवटची अट नसेल तर नोकरी टिकवण्यासाठी संशोधक गप्प बसेल, आणि त्या वाचकांची शंका खरी ठरेल.

वैद्यकीय शाखेबाहेरच्या संशोधनासाठीही नीतिशास्त्र समिती नेमावी आणि तिच्यात किमान एक सदस्य दुष्काळ, पूर, भूकंप किंवा निर्वासित यांच्यासाठी प्रत्यक्ष काम केलेला असावा. अशी माणसे आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सोलापुरातून शेजारच्या लातूर-धाराशिवमध्ये धावून गेलेली कित्येक मंडळी आजही या शहरात आहेत. उघड्यावर पडलेल्या माणसाला प्रश्न कसा विचारू नये, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? राहिला प्रगती मांडण्याचा मुद्दा. परदेशी काम करणाऱ्यांना सल्लागार समितीपुढे ऑनलाइन हजर राहू द्यावे आणि वेळ दुपारची ठेवावी. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. इथले सकाळचे साडेदहा म्हणजे तिथले आठ, आणि त्या वेळी आमच्या नळांवर रांगा लागलेल्या असतात.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
सोलापूर