साइड बँड नेमका कोणता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रॉक संगीतातील मुरलेल्या गिटारवादकांच्या ‘साइड बँड’विषयी आलेला लेख आवडीने वाचला. मुख्य बँडच्या धकाधकीतून विसावा म्हणून ही मंडळी असले बँड काढतात, असा लेखाचा सूर आहे आणि त्या ओघात ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश रॉक बँडचे गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर यांच्या ‘द नॉटिंग हिलबिलीज’चा दीड ओळीत उल्लेख येतो. या एका उदाहरणापुरते माझे मत निराळे आहे.

‘डायर स्ट्रेट्स’ १९७७ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. परंतु नॉफ्लर आणि ‘हिलबिलीज’मधले त्यांचे साथीदार स्टीव्ह फिलिप्स यांची गाठ त्याच्या नऊ वर्षे आधी, १९६८ मध्ये, लीड्स येथे पडली होती. नॉफ्लर तेव्हा ‘यॉर्कशायर ईव्हनिंग पोस्ट’मध्ये नवशिके बातमीदार होते, तर फिलिप्स अमेरिकेतील जुने ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत, वाजवत. फिलिप्स यांच्या संग्रहातील ध्वनिमुद्रिका ऐकत आणि त्यांच्या बोटांकडे पाहत नॉफ्लर यांनी त्या संगीताची बाराखडी गिरवली, आणि पुढे दोघे ‘द डुओलियन स्ट्रिंग पिकर्स’ या नावाने एकत्र वाजवू लागले. डुओलियन हा नॅशनल कंपनीच्या धातूच्या रेझोनेटर गिटारीचा (आवाज मोठा करण्यासाठी आत धातूचा शंकू बसवलेल्या गिटारीचा) एक प्रकार. ‘डायर स्ट्रेट्स’च्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमच्या वेष्टनावर आकाशात तरंगणारी १९३७ सालची गिटार त्याच कुळातली आहे, हे त्या अल्बमच्या किती चाहत्यांच्या ध्यानात येते कोण जाणे.

तो अल्बम १९८५ मध्ये आला, जगभर तुफान खपला आणि त्यापाठोपाठचा प्रदीर्घ दौरा संपल्यावर, १९८६ मध्ये, नॉफ्लर लीड्समधल्या एका पबमध्ये फिलिप्स आणि गायक-गिटारवादक ब्रेंडन क्रोकर यांच्यासोबत वाजवायला बसले. ‘द नॉटिंग हिलबिलीज’ची सुरुवात ती हीच. याला विसावा म्हणायचे तर म्हणावे. मला मात्र तो माघारी जाऊन जुना धागा उचलण्याचा प्रकार वाटतो. ‘डायर स्ट्रेट्स’चे कीबोर्डवादक गाय फ्लेचर सामील झाले आणि मार्च १९९० मध्ये या चौघांचा पहिला अल्बम आला. ‘मिसिंग... प्रिझ्यूम्ड हॅविंग अ गुड टाइम’ असे त्याचे मिश्कील नाव आहे. पुढे दुसरा अल्बम निघालाच नाही. अकरा गाण्यांपैकी नॉफ्लर यांनी स्वतः रचलेले गाणे एकच आहे, बाकीची बहुतेक जुनी कंट्री आणि ब्लूज धाटणीची. गायनही तिघांनी वाटून घेतले आहे. ज्याच्या नावावर अल्बम हातोहात खपला असता त्याने स्वतःला इतके मागे ठेवावे, हे मला विशेष वाटते. ब्रिटनच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, दौऱ्यात ड्रम्सवर चक्क ‘डायर स्ट्रेट्स’चे व्यवस्थापक एड बिकनेल बसले. काही गाणी गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत झाली आहेत, हेही मान्य करायला हवे. पबमधला खडबडीतपणा थोडा तरी राहू द्यायला हवा होता. पण शेवटचे ‘फील लाइक गोइंग होम’, चार्ली रिच यांचे मूळ गाणे, नॉफ्लर ज्या संथपणे गातात, त्यापुढे ही तक्रार फार काळ टिकत नाही.

या अल्बमवर पेडल स्टील (पायपट्ट्या असलेली आडवी गिटार) वाजवणारे नॅशव्हिलचे पॉल फ्रँकलिन लगेच ‘डायर स्ट्रेट्स’च्या ‘ऑन एव्हरी स्ट्रीट’वर, म्हणजे १९९१ च्या अखेरच्या स्टुडिओ अल्बमवर ऐकू येतात, आणि १९९६ पासूनच्या नॉफ्लर यांच्या एकल अल्बमांमध्ये तर कंट्री आणि लोकसंगीताचा हाच रंग ठळक होत जातो. मग साइड बँड कोणाला म्हणायचे?

आणखी एक. लेखात फिलिप्स आणि क्रोकर यांची नावेच नाहीत. क्रोकर २०२३ मध्ये निवर्तले. या विषयावर पुन्हा लिहिले गेल्यास दोघांचा नामोल्लेख व्हावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे