पावतीवरच्या ‘डॉ.’चा नोंदणी क्रमांक कळवावा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरपोच पशुवैद्यकीय सेवा विभाग

विषय : नोंदणी नसलेल्या व्यक्तीस पशुवैद्यक म्हणून पाठवल्याबद्दल

महोदय,

मंगळवारी, १० जूनला संध्याकाळी धार काढताना माझ्या तिसऱ्या वेताच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीच्या गाईच्या मागच्या डाव्या सडातून दह्यासारख्या गुठळ्या आल्या. कास दगडासारखी, गाय हात लावू देईना. दगडीत, म्हणजे कास सुजण्याच्या आजारात, एक रात्र गेली की सड जातो, हे दूधवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सरकारी दवाखाना बंद झाला होता. तुमच्या ॲपवर ‘तज्ज्ञ पशुवैद्यक दोन तासांत गोठ्यावर’ असं वाचलं आणि १,२०० रुपये भरले.

आलेल्या गृहस्थांनी ताप पाहिला नाही, दूध तपासायला घेतलं नाही. चार इंजेक्शनं टोचली, सडात ट्यूब सोडली आणि पंधरा मिनिटांत गाडीला किक मारली. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, असं मीच विचारलं. ‘‘सकाळी घाला, काय होत नाय.’’ अँटिबायोटिकचं दूध!

सकाळी गव्हाणीखाली झाडताना डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाच्या, माणसांसाठीच्या, ३ मिलीच्या पाच रिकाम्या कुप्या सापडल्या. मेलेल्या जनावरातून हे औषध गिधाडांच्या पोटात जाऊन ती मरू लागली, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ मध्येच बंदी आली. माणसांसाठीची मोठी बाटलीही २०१५ मध्ये बंद झाली, ती गोठ्यात वापरली जाऊ नये म्हणूनच. त्यावर तोडगा म्हणजे पाच कुप्या फोडायच्या, हे मला त्या दिवशी कळलं.

पावतीवर नावाआधी ‘डॉ.’ आहे, नोंदणी क्रमांकाची जागा कोरी. मी त्यांना फोन केला. ते खरं बोलले : ‘‘माझी पदविका आहे. डॉक्टर मी कुठं म्हणालो? ते ॲपवाले लावतात.’’ म्हणून ही तक्रार त्यांच्यापेक्षा तुमच्यावर जास्त आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा. पदविकाधारकांना सरकारी आदेशाने लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. आमच्या गावातलं लसीकरण तेच करतात, चांगलं करतात. त्या संध्याकाळी देखरेख कोणाची होती?

तुमच्या कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, ‘‘सर, आमचे सगळे पार्टनर व्हेरिफाइड आहेत, ४.८ स्टार आहेत.’’ स्टार परिषद देत नाही. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद नागपूरला आहे. तिच्या नोंदवहीत नाव आहे का, एवढंच तुम्ही बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाय वाचवली. सड मात्र आटला. अठरा लिटरची गाय तेरावर आली, आणि पाच दिवसांचं दूध मी उकिरड्यावर ओतलं. गाय दगावली असती तर विम्यासाठी तुमचा कागद कोण मानणार होतं?

माझे १,२०० रुपये आणि ओतलेल्या दुधाची भरपाई द्यावी. ज्यांची नोंदणी नाही त्यांच्या नावाआधीचं ‘डॉ.’ आजच काढावं, आणि त्या दिवशीच्या देखरेख करणाऱ्या पशुवैद्यकाचं नाव व नोंदणी क्रमांक लेखी कळवावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास परिषदेकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो खटला माझ्याच जिल्ह्यात चालतो, तारखांना तुम्हाला यावं लागेल.

कुप्या बरणीत घालून ठेवल्या आहेत.

आपला,
एक दूध उत्पादक, ता. फलटण, जि. सातारा

सोबत : पावतीची झेरॉक्स, कुप्यांचे फोटो