राजीनाम्याआधी हे वाच

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू राजीनाम्याचा विषय काढलास, तेव्हा मी मुद्दामच वाद घातला नाही. आज लिहिते आहे, म्हणजे तुला सावकाश वाचता येईल.

ऑफिसातल्या सहकाऱ्याशी असलेले प्रेमसंबंध तुटल्याचे दुःख तुला होणारच, आणि ते लवकर आवर असे मी म्हणणार नाही. माझा विरोध आहे तो त्या दुःखाच्या भरात नोकरी सोडण्याला. तुझ्या नेमणूकपत्रात नोटिशीची मुदत ९० दिवसांची आहे. म्हणजे आज राजीनामा दिलास तरी हिंजवडीतल्या त्याच मजल्यावर आणि त्याच कँटीनमध्ये आणखी तीन महिने तुला त्याच्यासमोर वावरावे लागेल, तेही पुढच्या नोकरीचा पत्ता नसताना. त्यापेक्षा दुसरे प्रोजेक्ट माग. तो तुझा टीम लीड आहे आणि तुझे वार्षिक मूल्यमापन त्याच्याच हातात आहे, तेव्हा ते दुसऱ्या कोणीतरी करावे, एवढी मागणी रास्तच आहे. त्याआधी कंपनीची नियमावली मात्र वाच, कारण असे संबंध कळवण्याची जबाबदारी पुष्कळ ठिकाणी वरिष्ठावर टाकलेली असते. मॅकडॉनल्ड्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला काढले ते एका कर्मचारी स्त्रीशी असलेल्या संबंधावरून, आणि तो संबंध परस्परसंमतीचा होता, तरीही. तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेऊन तूच निघून जाण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

तो रात्री-अपरात्री पाठवतो त्या मेसेजना एकदाच, स्पष्ट शब्दांत नकार कळव आणि ते सारे जपून ठेव. तरीही तो थांबला नाही, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. पूर्वी तुझी संमती होती, म्हणून आजच्या नकाराचे वजन कमी होत नाही. मात्र तो गप्प राहिला, तर केवळ रागापोटी समितीकडे जाऊ नकोस, कारण त्याने लग्नाचा विषय टाळला हे कितीही लागले असले, तरी तो त्या समितीपुढचा प्रश्न नव्हे. (हे लिहिताना मलाही त्याचा राग येतोच आहे.)

कुजबुज होईल, ती एखाद-दोन पगार होईपर्यंत चालेल. तुम्हा दोघांच्या सामाईक मैत्रिणीकडून निरोप मात्र पाठवू नकोस. ती बिचारी विनाकारण अडकेल, आणि ऑफिसात त्या निरोपाच्या चार आवृत्त्या फिरतील.

रात्री झोप लागत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येते. मला फोन करायला तर तुला वेळ पाहण्याची गरजच नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबांना मी यातले काहीही सांगितलेले नाही. सांगायचे की नाही आणि केव्हा, ते तू ठरव.