गोधडीखाली झोपायला कुणीतरी

ति. आई आणि बाबा,
सा. न.

आज पार्सल टाकलंय. उघडताना कात्रीचं टोक फार आत जाऊ देऊ नका, बाबा. वर गोधडी आहे आणि तिच्या घडीत बाहुली गुंडाळलेली आहे.

गेल्या वर्षभरात मी सात लहान गोधड्या शिवल्या, हे फोनवर सांगत होतेच. शिवून झाली की प्रत्येकीची घडी करून कपाटात. कुणी आलं की हातात घ्यायचं, ‘किती नाजूक’ म्हणायचं आणि परत ठेवून द्यायचं. मला मात्र ते खटकत राहायचं. गोधडी कुणाच्या तरी अंगावर घालायची असते. अंगच नसेल तर तिचं काम काय? म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बाहुली करायला घेतली.

बाबा, माप तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते. माझ्या गोधड्या खऱ्याच्या एक षष्ठांश आहेत. सहा फूट बाय आठ फुटांची गोधडी या हिशेबानं १२ इंच बाय १६ इंच होते आणि साडेपाच फुटांचा माणूस ११ इंचांचा. पहिली बाहुली ११ इंचांची झाली, तिच्यावर गोधडी घातली आणि माझीच चूक मला दिसली. गोधडी तिच्या अंगावर बसेना, पुठ्ठ्यासारखी वर उभी राहिली. लांबी-रुंदी मी सहानं भागली होती, पण आतला थर नेहमीचाच, अर्ध्या इंचाचा घातला होता. बाहुलीच्या हिशेबानं तो तीन इंच जाड, म्हणजे तिनं गादीच पांघरली होती. आता आत फक्त फ्लॅनेलचा एक पदर घालते. टाकेही बारीक घ्यावे लागतात, कारण आपला पाव इंचाचा धावदोरा तिच्यासाठी दीड इंचाचा. कापडावरची फुलंसुद्धा तशीच निवडावी लागतात. नुसत्या गोधड्या शिवत होते तोवर यातलं काही लक्षात आलं नव्हतं. मोजायला समोर माणूस लागतो.

अंगासाठी आई, तुझा फिकट बदामी सुती गाऊन वापरला. पुष्कळ धुतलेलं कापड असल्यामुळे मऊ आहे आणि आता आटणारही नाही. एक हात मात्र उरेब कापला गेला. कापड पुरवायच्या नादात नमुना तिरका ठेवला होता. कापूस भरताना तो हात ताणत गेला आणि दुसऱ्यापेक्षा लांब आणि जाड झाला. उसवून परत उभ्या धाग्यात कापला. बोटांच्या वळणावर शिवणीच्या दिशेनं काप दिले नाहीत तर सुलटं केल्यावर चुण्या पडतात, आणि शिवणीच्या अगदी जवळ दिले तर कापड फाटतं. इतक्या लहान अंगात शिवणीबाहेर कापडाची माया सोडायला जागाच थोडी असते. टीप मात्र मी दोनदा मारते, कारण कापूस ठासताना सगळा जोर शिवणीवरच येतो.

आणि मग मान.

आई, मी सहा-सात वर्षांची असताना तू मला निळ्या फ्रॉकची बाहुली शिवून दिली होतीस. आत काय आहे ते बघायचं म्हणून मी तिची मान उसवली. आतून दोरा गुंडाळलेली एक काडी निघाली. कापसात चुकून राहिली असेल असं समजून मी ती फेकून दिली, आणि बाहुलीचं डोकं छातीवर लोळायला लागलं. तू काहीच बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या उशाशी होती, मान ताठ.

या बाहुलीची मान तीनदा पडली. कापूस वाढवला, आणखी ठासला, तरी दोन दिवसांत मानेत घडी पडायची. अंगात सगळ्यात अरुंद जागा तीच आणि सगळा भार डोक्याचा, त्यामुळे कापूस दोन्हीकडे सरकतो आणि मधे पोकळी होते. तिसऱ्यांदा उसवताना ती काडी डोळ्यांसमोर आली. आई, मी तशीच उठले, एक काडी घासून तिची टोकं गोल केली आणि डोक्याच्या मध्यापासून छातीपर्यंत घातली. ती सरकली. मग दोरा गुंडाळला. गुळगुळीत काडी कापसात धरून राहत नाही, दोऱ्याला कापूस धरतो. तू हे केव्हाच शोधून काढलं होतंस आणि मी ते उचलून फेकलं होतं. त्या रात्री तुला फोन करावासा वाटला, पण दोन वाजले होते.

चेहरा आधी टाचण्या लावून ठरवला. डोळे डोक्याच्या मध्यावर धरले की बाई मोठी दिसते, जरा खाली घेतले की लहान मुलगी. मी खाली घेतले. भरतकामाच्या दोऱ्याच्या सहा पदरांतला एकच पदर वापरलाय आणि गाठी केसांखाली लपवल्या आहेत.

एक विचारायचंय. तुझ्या बाहुलीत कापूस कुठून भरला होतास? मी तेव्हा सगळीकडून चाचपली होती, उघडी जागा सापडली नाही, म्हणून तर मान उसवली. मी पाठीवर भरते आणि दोन्ही कडांच्या घडीतून आळीपाळीनं सुई नेत बंद करते. तरी रेघ दिसतेच.

तुला आता सुईत दोरा ओवता येत नाही हे मला माहीत आहे. बघू नकोस, हातानं चाचप. अंगठ्यानं तिची मान दाब. हनुवटीखाली डावीकडे पोकळी राहिलीय असं मला वाटतं. रविवारी फोनवर खरं काय ते सांग.

बाबा, तुमच्या निळ्या रेघांच्या शर्टाची एक बाही अजून शिल्लक आहे. रेघा इतक्या बारीक आहेत की पुढच्या बाहुल्याचा शर्ट त्यातूनच होईल. त्याला चष्माही करायचाय. तुमच्या चष्म्याची काच मिलिमीटरमध्ये मोजून कळवा, मी सहानं भागेन. तार किती जाडीची घ्यावी, तेही सांगा.

तुमची,
मनू