श्रावणात दारू सोडताना

महोदय,
गटारीनंतर श्रावण पाळायचा म्हणून रोज पिणारे अनेकजण दारू एकदम बंद करतात. घरचे सुखावतात, पण धोका तिथेच असतो. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून आधी मुंबईतल्या केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. रोज किती, शेवटची कधी, पूर्वी फिट आली होती का, हे खरे सांगा. गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो. नुसते ग्लुकोजचे सलाईन नको, आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) हवे. आणि कृपा करून, चोरून जेवणात दारू सोडवण्याचे औषध कालवू नका. त्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतते. मन खचले असेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येते.

– व्यसनमुक्ती कार्यकर्ते, परळ, मुंबई