विनायकला पत्र: डिस्क भंगारात देण्याआधी

नाशिक,
२ जून

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला, फोटोही मिळाले. आधी एवढंच सांगतो, कार्यालयाने तुझ्या शाळेला देणगी दिलेल्या त्या जुन्या संगणक मशिन्स भंगारवाल्याला देऊ नकोस. तालुक्याच्या दुकानदाराने “सगळ्यांच्या हार्ड डिस्क गेल्यात” म्हणून सांगितलं असेल, पण तू पाठवलेल्या फोटोंवरून मला तसं वाटत नाही. इतक्या डिस्का एकदम जात नाहीत. शाळा उघडायला आता थोडेच दिवस राहिलेत आणि त्याआधी खोली लावून व्हायला हवी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोनवर तुझी रेंज जाते आणि बोलणं अर्धवट राहतं. आज्ञा इंग्रजीत जशाच्या तशा टाइप कराव्या लागतात, त्या मोबाइलवर वेगळ्या पाठवल्या आहेत. पत्र समोर ठेव आणि त्या बघून टाइप कर.

तू सगळ्या मशिन्सना एकाच माळेचे मणी समजतोयस, तिथेच घोटाळा होतोय. काहींवर इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवणारा प्रोग्राम, “डिस्क सापडली नाही” म्हणतो. काहींवर लिनक्स छान बसतं, पण पुन्हा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर येऊन थांबतं. आणि खिडकीजवळची ती एक संध्याकाळी चालते, सकाळी चालत नाही. या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. डिस्क आधी बायोसला, म्हणजे मशीन चालू होताच बोर्डवर धावणाऱ्या प्रोग्रामला, दिसावी लागते, मग कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मग इन्स्टॉलरला, आणि बसवून झाल्यावर डिस्कवरून सुरू होणाऱ्या लिनक्सला. ती नेमकी कुणाच्या हातून सुटली, हे आधी शोधायचं. बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

बायोसलाच दिसत नसेल तर ड्रायव्हरच्या, म्हणजे कर्नलला ते हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या प्रोग्रामच्या, नादी लागू नकोस. कॅबिनेट उघड. रुंद पट्टीची केबल असलेल्या जुन्या आयडीई डिस्का असतील तर जंपर, म्हणजे मास्टर (पहिला) कोण आणि स्लेव्ह (दुसरा) कोण हे ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी, बघ. एकाच केबलवर डिस्क आणि डीव्हीडी दोन्ही मास्टर करून ठेवलेले असतात, आणि मग दोघांपैकी एकही धड दिसत नाही. केबल ८० तारांची हवी. तिचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, करडं स्लेव्हला. ४० तारांची असली तर डिस्क चालते, पण कर्नल तिला यूडीएमए ३३ या वेगाच्या वर जाऊ देत नाही आणि तसं लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लिहूनही ठेवतो. नव्या, बारीक केबलची सॅटा डिस्क असेल तर केबल बदल, आणि डिस्कला एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणारी दुसरी पिन लावून बघ. बोर्डवरच्या कॅपॅसिटरची डोकी फुगलीत का तेही बघ. २००२ ते २००७ च्या दरम्यान बनलेल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग होता. वीज कमी पडली की सगळ्यात आधी डिस्क अडखळते आणि दोष ड्रायव्हरवर येतो.

बायोसला दिसते पण इन्स्टॉलरला दिसत नाही, तिथे पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन, म्हणजे न बसवता चालणारा लिनक्सचा एक प्रकार, चालू कर आणि टर्मिनलमध्ये पीसीआयची, म्हणजे बोर्डला जोडलेल्या भागांची, यादी काढ. पाठवलेल्या आज्ञांमध्ये ती पहिली आहे. यादीत डिस्क कंट्रोलरची, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपची, ओळ सापडेल आणि तिच्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही लिहिलेलं असेल. तुझ्या बहुतेक मशिन्स जी ३१ बोर्डाच्या आहेत. आपल्याकडे हे बोर्ड अगदी गल्लीबोळातल्या दुकानांतून विकले गेले. त्यांच्यात इंटेलची आयसीएच ७ चिप असते, आणि साध्या आयसीएच ७ ला एएचसीआय, म्हणजे सॅटा डिस्क चालवायची नवी पद्धत, येतच नाही. तू बायोसमध्ये एएचसीआयचा पर्याय शोधत बसला होतास ना, तो तिथे नसणारच. तिथे “एटीए पीआयआयएक्स” हा ड्रायव्हर लागला असेल तर सगळं बरोबर आहे, पुढे जा.

ड्रायव्हरची ओळच नसेल, तर त्या लिनक्सने तो कंट्रोलर सोडून दिलेला असू शकतो. कोपऱ्यातला तो जाडजूड सर्व्हर बहुधा याच कारणाने अडलाय. तू त्यावर रेड हॅट घराण्यातलं लिनक्स घालायला निघालास. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट ८ पासून त्यांनी जुन्या रेड कार्डांचे (हे रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडायची पद्धत, रेड हॅटशी संबंध नाही) बरेच ड्रायव्हर काढून टाकले. ईएलरेपो नावाचे स्वयंसेवक त्यातल्या काहींसाठी वेगळी ड्रायव्हर डिस्क देतात, इन्स्टॉलरला ती सुरुवातीलाच दाखवावी लागते. पण शाळेसाठी एवढा उपद्व्याप कशाला? त्यावरही डेबियनच घाल. रेड हॅट ९ तर तुझ्या कोअर टू प्रोसेसरवर चालणारच नाही, त्याला त्याहून नव्या सूचनासंचाचा प्रोसेसर लागतो. आणि निव्वळ ३२ बिटी मशिन्स असतील त्यांच्यावर डेबियन १२ घाल. २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही.

त्या जुन्या पुस्तकातले उपाय मात्र आता बाजूला ठेव. त्यात डिस्कला “एचडीए” म्हटलंय आणि डीएमए, म्हणजे डिस्कवरून थेट मेमरीत माहिती न्यायची सोय, बंद करायला “आयडीई” ने सुरू होणारे पर्याय दिलेत. ती सगळी जुनी आयडीई व्यवस्था २०२१ मध्ये, ५.१४ कर्नलपासून, काढून टाकली. आता आयडीई असो की सॅटा, दोन्ही कर्नलमधली “लिबएटीए” ही व्यवस्था सांभाळते आणि डिस्क “एसडीए” म्हणून दिसते. लिबएटीए उभी केली जेफ गार्झिक यांनी, पुढे तेजुन हिओ यांनी ती वाढवली, आणि जुन्या आयडीई चिपांचे कितीतरी ड्रायव्हर अ‍ॅलन कॉक्स यांनी तिच्यासाठी नव्याने लिहिले. ज्या बोर्डांना त्यांच्या कंपन्या केव्हाच विसरल्या, त्यांच्यावर आज आदिवासी पाड्यावरची पोरं टायपिंग शिकू शकतात, ते अशा माणसांमुळे. मला याचं फार अप्रूप वाटतं, विनायक. म्हणूनच ती मशिन्स नीट न तपासता टाकून द्यायला माझं मन घेत नाही.

आता लॉग. हे नीट वाच, कारण दुकानदाराने जे बघायला हवं होतं आणि बघितलं नाही ते हेच. इन्स्टॉलर अडला की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ २ एकदम दाब. काळा पडदा येईल. एंटर मारून कर्नलचा लॉग काढ आणि “एटीए” ने सुरू होणाऱ्या ओळी बघ. काही पोर्टांसमोर “लिंक डाउन” लिहिलेलं असेल, त्याने घाबरू नकोस, रिकाम्या पोर्टापुढे ते येतंच. डिस्क ज्या पोर्टाला लावली आहे त्याचीच ओळ बघायची. तिथे “फेल्ड कमांड” दिसलं की तीन-चार ओळी खाली “एरर” शब्दापुढे महिरपी कंसात थोड्या अक्षरांची एक खूण येते. सगळं मर्म तिच्यात आहे.

“यूएनसी” असेल तर डिस्कच्या पृष्ठभागावरचा तो भाग वाचता येत नाही, म्हणजे डिस्क खरोखर झिजली आहे. “आयसीआरसी” असेल तर डिस्कने माहिती बरोबर दिली, पण वाटेत ती बिघडली. म्हणजे केबल, पिन किंवा वीज. या दोन खुणांची गल्लत झाली की चांगली डिस्क भंगारात जाते आणि खराब केबल नव्या डिस्कला लागते. तुझ्या तिसऱ्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, बोटाची सावली पडली आहे तिथे, मला “आयसीआरसी” स्पष्ट वाचता आलं. त्या मशीनची फक्त केबल बदल. खातरजमा करायची असेल तर स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचा, अहवाल काढ. त्यात ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी पृष्ठभागाचं सांगतात, १९९ क्रमांकाची केबलचं. १९९ चा जुना आकडा कधी पुसला जात नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो आणखी वाढतोय का एवढंच बघायचं. १९७ मध्ये शून्याहून मोठा आकडा असेल आणि दिवसागणिक चढत असेल, तर ती डिस्क बाजूला काढ, तिच्यावर मुलांचं काम ठेवू नकोस.

केबल बदलूनही लिंक सारखी तुटत असेल तर कर्नलला वेग १.५ गिगाबिटवर बांधून घालायला सांगता येतं. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर टॅब दाबून ओळीच्या शेवटी तो पर्याय जोडायचा, पाठवलेल्यांत तो आहे. व्हिया कंपनीच्या चिपच्या बोर्डांचं जरा वेगळं आहे. व्हीटी ८२३७ आणि ८२३७ आर या चिपांना ३ गिगाबिटची डिस्क लावली की दोघांचं वेगावर एकमत होत नाही आणि डिस्क बायोसलाही दिसत नाही. तिथे कर्नलला सांगून उपयोग नाही, डिस्कच्या मागच्या पिनांवर जंपर लावून ती १.५ वर आणावी लागते. जंपरची जागा कंपनीप्रमाणे बदलते, डिस्कवरच्या लेबलावर ती दिलेली असते. नव्या एसएसडीवर असा जंपर नसतो, म्हणून त्या बोर्डांसाठी नवी एसएसडी घ्यायच्या भानगडीत पडू नकोस.

आणखी एक. लॉग स्वच्छ आहे, यादीत डिस्क दिसते, पण इन्स्टॉलर ती घेत नाही किंवा भलत्याच नावाने दाखवतो, असं असेल तर ती आधी कार्यालयात रेडमध्ये जोडलेली असणार. बायोसचं ते बनावट रेड डिस्कच्या टोकाला स्वतःची निशाणी लिहून ठेवतं. फॉरमॅट मारला तरी ती राहते, आणि इन्स्टॉलर हरवलेला जोडीदार शोधत बसतो. “वाइपएफएस” ही आज्ञा नुसती चालवली तर ती निशाण्या फक्त दाखवते. त्या बघून घे, डिस्कचं नाव आणि आकारमान दोनदा ताडून बघ, आणि मगच पुसायची आज्ञा दे. डिस्कच्या नावाची पेनड्राइव्हच्या नावाशी गल्लत करू नकोस, नाहीतर तोच पुसला जाईल.

आता बसतं पण उठत नाही, त्यांच्याबद्दल. तू एका मशीनवर सगळं व्यवस्थित लावलंस आणि त्या डिस्कची प्रत बाकीच्यांवर उतरवलीस. कल्पना चांगली होती. पण एक्स्पर्ट पद्धतीत इन्स्टॉलर विचारतो, सुरुवातीच्या छोट्या प्रतिमेत, म्हणजे इनिट-रॅम-एफएसमध्ये, सगळे ड्रायव्हर घालू की या मशीनपुरतेच? तिथे “या मशीनपुरतेच” निवडलं गेलं की आयसीएच ७ चा ड्रायव्हर आत येतो, आणि एएमडी बोर्डाच्या मशीनला लागणारा एएचसीआयचा बाहेर राहतो. तो ड्रायव्हर आहे डिस्कवरच, पण डिस्क उघडायला तोच हवा. म्हणून मूळ फाइलसिस्टीमची वाट बघून बघून कर्नल थकतो आणि तुला त्या काळ्या पडद्यावर सोडून देतो. त्या पडद्यावर डिस्कांच्या यूयूआयडीची, म्हणजे ओळखक्रमांकांची, यादी काढून बघ. रिकामी असेल तर हेच कारण. मूळ मशीनवर सेटिंगमध्ये “मोस्ट”, म्हणजे बहुतेक सगळे ड्रायव्हर, कर, प्रतिमा पुन्हा बांध आणि मग प्रती काढ. यादीत डिस्क दिसत असेल तर ती फक्त उशिरा जागी होतेय, तिला “रूटडिले” या कर्नलच्या पर्यायाने थोडा वेळ दे.

खिडकीजवळच्या मशीनचं कोडं मला तुझ्या एका वाक्यावरून सुटलं. शिपाईमामा रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करतात, असं तू सहज लिहून गेलास. त्या बोर्डवरचा बटण सेल मेलेला आहे. मेन चालू असेपर्यंत एसएमपीएसची वीज बायोसची सेटिंग धरून ठेवते. मेन गेला की सगळं मूळ पदावर येतं. तू एएचसीआयवर लावून लिनक्स बसवलंस, सकाळी बायोस परत आयडीई पद्धतीवर गेलेला असतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे आतली प्रतिमा एकाच ड्रायव्हरची, म्हणून डिस्क गायब. घड्याळही मागे गेलेलं असेल. तू अपडेट करताना “फाइल अजून वैध नाही” अशी जी तक्रार पाठवलीस ती त्यामुळेच. सीआर २०३२ नावाचा सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळेल. तो बदल, तारीख लाव, एएचसीआय लाव. आणि शिपाईमामांना काही बोलू नकोस, वळवाच्या विजा पडत असताना मेन बंद करणं योग्यच आहे.

देणगीच्या डिस्कांत कार्यालयाची जुनी कागदपत्रं असू शकतात, तेव्हा प्रत उतरवायच्या आधी सगळ्या डिस्का पूर्ण पुसून घे. मोठ्या डिस्कला काही तास लागतील, रात्रभर चालू ठेवायचं तर मामांना तेवढ्यापुरतं सांगून ठेव.

आधी जी ३१ वाल्या उरक, त्यांच्यात अडचण कमी आहे आणि मुलांना बसायला जागा होईल. इन्स्टॉलरमध्ये भाषा मराठी निवडता येते, ती निवड. तुझ्या नववीच्या मुलींना पडद्यावरचं वाचता आलं तर पुढच्या मशिन्स त्याच बसवतील, तू फक्त शेजारी उभा राहा. सर्व्हर आणि व्हियावाली मशिन्स माझ्यासाठी ठेव. पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने येतो. येताना सॅटा केबली, ८० तारांच्या पट्ट्या, बटण सेल आणि तपासलेला एक एसएमपीएस घेऊन येईन. तोपर्यंत जिथे अडेल तिथल्या लॉगचा फोटो पाठव, आणि महिरपी कंस फोटोत येईल असं बघ.

वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. जेवायला नागली असेल तर मला दुसरं काही नको.

तुझा,
मकरंद