वाटाण्याचा खिमा

बर्लिन

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मटण खायचं तर मटण खा, नाहीतर डाळभात खा. हे वाटाण्याचं खोटं मटण कशाला?" कामावर निघायच्या घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्यासोबत राहणाऱ्या दोघी पंचविशीच्या आतल्या, लहानपणापासून मांस खाऊन वाढलेल्या. एकीने कत्तलखान्याचा व्हिडिओ बघून सोडलं. दुसरीला हवामानाची काळजी. गुरांच्या ढेकरांतून मिथेन निघतो, पृथ्वी तापते. माणसामुळे होणाऱ्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली सांगितलं होतं. तो आकडा तिला तोंडपाठ आहे. पण मन वळलं तरी जीभ वळत नाही गं. श्रावण अर्धा सरला की बाबांना सुक्या बोंबलाची आठवण येतेच ना? तसंच.

मला इथे एक दिसलं. जनावरांच्या कळवळ्याने माणूस या खोट्या मटणाचं पहिलं पाकीट उचलतो, दुसरं उचलायला चव आणि किंमत लागते. शिकत होते तेव्हा मी ते हातात घेऊन परत ठेवायचे, परवडायचंच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिडल या सुपरमार्केटने जर्मनीत आपल्या बहुतेक वनस्पतीजन्य मालाचे भाव मांसाच्या बरोबरीला आणले, आणि आमच्या फ्रिजमध्ये ते नेमाने दिसू लागलं.

गेल्या रविवारी खिमा केला. पिवळ्या वाटाण्याच्या प्रथिनाचा, बिटाने लाल केलेला, मध्ये खोबरेल तेलाचे पांढरे ठिपके. कच्चा असताना वाटाण्याचा उग्र वास येतो. कढईत पडला की ठिपके वितळून चुरचुरतात, कडा तपकिरी होतात. मग आलं-लसूण, भाजक्या खोबऱ्याचं वाटण आणि लालबागच्या मसाला गल्लीतून तू कुटून आणलेला मसाला. मीठ घातलंच नाही, त्यात आधीच पुष्कळ असतं. दोघींनी पावाने टोप पुसून खाल्ला. मटण नव्हे ते, पण वाटणाची चव आपल्या घरचीच होती आणि मला भरून आलं.

पाकिटामागची यादी लांबलचक असते, रोज खाऊ नये हे तुझं म्हणणं मला पटतं. रोजच्याला आजीची कोवळ्या फणसाची भाजीच बरी. इथे तोच फणस डब्यात मिळतो, मांसाऐवजी म्हणून!

दादाला विचार, २०२१ साली रितेश-जिनिलियाने इमॅजिन मीट्स ही अशाच वनस्पतीजन्य मांसाची कंपनी काढली तेव्हा त्याने त्यांचं नाव बघूनच मागवलं होतं ना? आवडत्या माणसांचं बघून खाणं हेही एक कारण. पुन्हा का नाही मागवलं, ते मला खरंच कळव म्हणावं.

मावशी डिसेंबरात येतेय, तिच्याकडे मसाला दे. बरणीत दोन बोटंच उरलाय.

तुझी,
ताई